सहभाग शुल्क भरण्याआधी

अनेक लेखकांच्या एकत्र कथासंग्रहासाठी तुझी कथा निवडली गेली, अभिनंदन. पण 'सहभाग शुल्क दीड हजार, दोन प्रती आणि सन्मानपत्र' असा मेसेज आला असेल तर जरा थांब. मीही पहिल्या कथेला असेच पैसे भरले होते. पुस्तक हातात आलं तर माझ्या कथेवर दुसऱ्याच बाईंचं नाव! छपाईआधी तपासायला प्रूफ दाखवलंच नव्हतं. सन्मानपत्रावर मात्र नाव बरोबर होतं, म्हणा.

आता पैसे मागणाऱ्याला मी कथा देत नाही. मानधन नसेल तर एखादवेळी चालवून घेते, पण हक्कांचं लेखीच हवं. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' यावर सही करू नकोस. 'या संग्रहात छापण्यापुरती परवानगी' एवढंच लिहून दे. हक्क देऊन टाकलेस आणि मुदत लिहिलीच नाही, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरतात. म्हणजे तोवर स्वतःच्या संग्रहात तीच कथा घ्यायची पंचाईत. ई-बुक, ऑडिओच्या हक्कांचं वेगळं विचार.

खरं तर आधी दिवाळी अंकांना पाठव. त्यांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, गणपतीत पाठवून उपयोग नाही. मजकूर युनिकोडमध्ये दे, आणि आठवड्याभराने पोच विचार.