होडीचा डेक पायाखाली दबतो

प्रश्न : हिडकल जलाशयात जाळी टाकण्यासाठी आम्ही भावाभावांनी दोन वर्षांपूर्वी मालवणहून १४ फुटांची जुनी फायबरची होडी विकत घेतली आणि आंबोली घाटातून टेम्पोने वर आणली. यंदाच्या पावसाळ्यानंतर पुढच्या बाजूचा डेक, दोर बांधण्याच्या खुंटीजवळ, पाय ठेवताच दबू लागला आहे. तडा मात्र कोठेही दिसत नाही. बेळगावचा एक कारागीर ‘वरून मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) दोन थर मारतो’ म्हणतो. तसे करावे काय?
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : तसे करू नये. आपल्या होडीचा डेक बहुधा फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये प्लाय घालून केलेला असावा, आणि खुंटीच्या स्क्रूच्या भोकांतून झिरपलेल्या पाण्याने तो प्लाय कुजला असावा. वरून थर चढवल्यास ओल आतच कोंडते आणि कुज पुढे सरकत राहते.

प्रथम एक रुपयाच्या नाण्याने डेक ठोकत जावे. जेथे टणक आवाज बदलून बद्द होतो, तेथे खडूने रेघ ओढावी. खात्रीसाठी तेथे बारीक भोक पाडावे. भुसा काळपट, ओला आणि आंबूस वासाचा निघाला तर शंका उरत नाही. आपल्याला वाटते त्याहून कुजलेला भाग मोठा निघतो, हे मनाशी धरूनच कामाला लागावे.

त्यानंतर कडेला दोन इंचांची पट्टी राखून फक्त वरचा थर ग्राइंडरने कापावा, कोरडे लाकूड लागेपर्यंत कुजलेला प्लाय खरवडून काढावा आणि ती जागा पूर्ण वाळू द्यावी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे वाळणे होत नाही, म्हणून हे काम मार्चमध्ये, सावलीत करावे. नवा प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) शिक्क्याचाच घ्यावा. तो दाट केलेल्या रेझिनमध्ये (फायबरचे थर जोडणाऱ्या, वाळून कडक होणाऱ्या द्रवात), खाली पोकळी न ठेवता, बसवावा.

जुना फायबर ४० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडून कडा उतरत्या केल्याशिवाय प्लायवर चढवायचा फायबरचा नवा थर नीट धरत नाही. रेझिन एपॉक्सी किंवा पॉलिएस्टर असते; जुन्यावर पकड एपॉक्सीची अधिक असते. पण एपॉक्सी घेतल्यास नेहमीची मॅट न वापरता विणलेले कापड वापरावे, कारण मॅटचे तंतू बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही. पॉलिएस्टरच घ्यायचे असेल तर ४५० ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे सुमारे एक किलो रेझिन लागते आणि किलोला १० ते २० ग्रॅम हार्डनर (रेझिन कडक करणारा पदार्थ) पुरतो. उन्हाळ्यात दहाच्या जवळ राहावे, नाहीतर डबा हातातच तापून गोठतो. दुकानदार जांभळट एक्सलरेटर (कडक होण्याचा वेग वाढवणारा पदार्थ) वेगळा देत असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा. एक्सलरेटर आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

खुंटी परत बसवताना जुन्याच मापाची भोके पाडली तर सारी मेहनत वाया जाईल. भोक दुप्पट रुंद पाडून एपॉक्सीने भरावे आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध स्क्रूचे भोक पाडावे, म्हणजे पाणी आले तरी प्लायपर्यंत पोहोचणार नाही. डेकवरील बाकीचे स्क्रूही याच बैठकीत काढून पाहावेत.