किडनी नॉर्मल, तरी बीपी चढलेलं: रेनिनची नळी बर्फात गेली असेल तर तो रिपोर्ट धरू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. भाऊ 34 वर्षांचा, टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या चालू, तरी बीपी 160/100 च्या आसपास. क्रिएटिनिन 0.9, सोनोग्राफी व्यवस्थित, पोटॅशियम 3.1, आणि रेनिन-अल्डोस्टेरॉन (मीठ आणि बीपी सांभाळणारे किडनीचा आणि अॅडरिनल ग्रंथीचा असे दोन स्राव) 'नॉर्मल'. त्यावरून तुम्हाला सांगितलं गेलं की किडनीचा आणि हार्मोनचा काही संबंध नाही, ताण कमी करा. किडनी ठणठणीत असताना बीपीशी तिचा संबंध असू शकतो का, आणि ही महागडी तपासणी परत करावी का, हे तुमचे दोन प्रश्न. पण पोस्टच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की कोथरूडला घरी येऊन रक्त घेणाऱ्या मुलाने नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. आमच्या घरात नेमका हाच घोळ झाला होता, म्हणून जरा लांबण लावतो.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. गोळी बंद करायची, बदलायची, वाढवायची हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मीठ कमी करा, पट्टा नीट बांधा, मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, हे इथे अनेकांनी लिहिलंय, ते परत लिहीत नाही.

क्रिएटिनिन चांगलं म्हणजे गाळणी चांगली, एवढाच त्याचा अर्थ. मिठाचा आणि दाबाचा हिशोब किडनी कसा ठेवते, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. त्यासाठी पेशींच्या पातळीवर उतरावं लागतं.

एका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिला जोडलेली नलिका अशा जोड्या, असतात. प्रत्येक नेफ्रॉनची नलिका खाली जाऊन वर येते आणि परत आपल्याच गाळणीपाशी, रक्त आत आणणाऱ्या आणि बाहेर नेणाऱ्या दोन बारीक रोहिण्यांच्या बेचक्यात येऊन टेकते. टेकते तिथे पंधरा-वीस पेशींचा एक दाट ठिपका असतो, त्याला मॅक्युला डेन्सा म्हणतात. समोर, आत येणाऱ्या रोहिणीच्या भिंतीत रेनिनचे कण साठवणाऱ्या पेशी असतात. सोसायटीत टाकीची पातळी बघणारा एक आणि वॉल फिरवणारा दुसरा असावा, तशी ही जोडी. फक्त इथे पातळी पाण्याची नाही, मिठाची बघितली जाते.

मॅक्युला डेन्साच्या पेशी नलिकेतलं सोडियम आणि क्लोराइड एनकेसीसी2 नावाच्या वाहक प्रथिनातून आत घेतात. मीठ जास्त आलं की त्या मागच्या बाजूने एटीपी (पेशींचा ऊर्जेचा रेणू) बाहेर सोडतात. त्याचं अॅडेनोसिन होतं, ते रोहिणीच्या पेशींवरच्या ए1 ग्राहकांना (निरोप पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं, तिथल्या पेशींत कॅल्शियम वाढतं, रोहिणी आवळते आणि गाळणं कमी होतं. हे सगळं काही सेकंदांत घडतं. त्याच वेळी रेनिन बाहेर पडणंही थांबतं. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण शरीरातल्या बहुतेक स्रावी पेशींत कॅल्शियम वाढलं की स्राव वाढतो. रेनिनच्या पेशींत उलटं आहे: कॅल्शियम वाढलं की रेनिन थांबतं, सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोहोचवणारा रेणू) वाढलं की सुटतं.

मीठ कमी आलं की मॅक्युला डेन्सातलं कॉक्स-2 एन्झाइम कामाला लागतं, प्रोस्टाग्लँडिन ई2 तयार होतं, शेजारच्या पेशींत सायक्लिक एएमपी वाढतं आणि रेनिन रक्तात येतं. याशिवाय दोन निरोप वेगळ्या वाटांनी येतात. रोहिणीतला दाब घटला, भिंतीवरचा ताण सैल झाला की रेनिन वाढतं. ताणाच्या वेळी जाग्या होणाऱ्या सिंपथेटिक चेतातंतूंनी बीटा-1 ग्राहकांना डिवचलं तरी वाढतं. आणि या पेशी एकेकट्या वागत नाहीत. कनेक्सिन 40 या प्रथिनाच्या सूक्ष्म जोडनळ्यांनी त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन नसतं, त्यांच्या रेनिन-पेशी आपल्या ठरलेल्या जागेवर राहत नाहीत, दाब वाढला तरी रेनिन सोडतच राहतात आणि त्यांचं बीपी चढतं. गाळणी शाबूत, फक्त पेशींमधलं बोलणं तुटलेलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही.

पुढची साखळी थोडक्यात: रेनिन यकृतातून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनला कापतं, त्यातून दहा अमिनो आम्लांचं अँजिओटेन्सिन-1, त्यातून आठांचं अँजिओटेन्सिन-2, आणि त्याच्या हुकमाने किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अॅडरिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन. अल्डोस्टेरॉन सोडियम राखतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं.

आता भावाच्या बाबतीत ज्याची शंका घ्यायला हवी तो आजार: अॅडरिनल ग्रंथी कुणाचं न ऐकता आपणहून अल्डोस्टेरॉन बनवत राहते. अमेरिकेतल्या जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये हा आजार मांडला, म्हणून त्याला कॉन सिंड्रोमही म्हणतात. यात मीठ साठतं, दाब वाढतो. किडनीला ते बरोबर कळतं आणि ती रेनिन जवळजवळ बंद करते. म्हणजे अल्डोस्टेरॉन चढलेलं, रेनिन तळाला, आणि दोघांचं गुणोत्तर मोठं. निदानाची सुरुवात या गुणोत्तरावरूनच होते.

आणि म्हणूनच बर्फ घात करतो. रक्तात रेनिनपेक्षा कितीतरी जास्त प्रोरेनिन, म्हणजे रेनिनचं कच्चं रूप, फिरत असतं. त्याच्या कापणाऱ्या खाचेवर एक झाकण असतं, म्हणून ते निष्क्रिय. नळी शून्य ते चार अंशांवर राहिली की ते झाकण उलगडतं आणि प्रोरेनिन रेनिनसारखं वागायला लागतं. मशीनला फरक कळत नाही. समजा अल्डोस्टेरॉन 20 आणि रेनिनची क्रिया 0.3 आहे: गुणोत्तर सुमारे 67, संशय ठळक. तीच नळी थंडीत पडून राहिली आणि क्रिया 1.2 वर गेली, तर गुणोत्तर 17 च्या खाली येतं आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं. भाजक मुळातच बारीक असल्यामुळे थोडीशी वाढही सगळं गणित फिरवते.

याबद्दल मला मनापासून राग आहे. ज्या कलेक्शन सेंटरने आमचा नमुना बिघडवला, तिथल्या काउंटरवर एकच उत्तर होतं: 'हार्मोनच्या सगळ्या नळ्या बर्फातच जातात.' एसीटीएचची (मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या एका हार्मोनची) नळी बर्फात जाते, जायलाच हवी. रेनिनची नाही. त्यांच्याच मुख्य लॅबच्या सूचनापत्रकात खोलीच्या तापमानाला ठेवा असं छापलेलं होतं, ते दाखवल्यावरही नमुना फुकट परत घेतला नाही आणि रिपोर्टवर शेरा मारायलाही नकार दिला. त्या एका कागदावर विसंबून पुढचे सगळे डॉक्टर 'हे तपासून झालंय' म्हणत राहिले. चुकीचा नॉर्मल रिपोर्ट हा रिपोर्ट नसण्यापेक्षा वाईट असतो, कारण तो पुढचं दार बंद करतो.

तेव्हा हो, परत करा, पण घरी माणूस बोलावून नको. सेंट्रिफ्यूज (नळी गरगर फिरवून रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा करणारं यंत्र) जागेवर असलेल्या लॅबमध्ये भावाला घेऊन जा आणि आधी फोनवर विचारा: नळी फिरवेपर्यंत कुठे ठेवता? 'फ्रिजमध्ये' म्हणाले तर दुसरी लॅब बघा. सकाळी उठून किमान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, मग पाच ते पंधरा मिनिटं बसवून रक्त घ्यायचं. जांभळ्या झाकणाची ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी. मूठ उघड-मीट करू देऊ नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. नळी खोलीच्या तापमानाला ठेवून लवकर फिरवायची, प्लाझ्मा वेगळा करून झटकन गोठवायचा. मुंबईला पाठवायचा असेल तर पूर्ण गोठलेला पाठवायचा. गोठवणं चालतं, गार करून ठेवणं चालत नाही, हा फरक तिथल्या माणसाला समजावून सांगावा लागला तर सांगा.

त्याआधी पोटॅशियम. 3.1 असताना तपासणी करणं म्हणजे पैसे पाण्यात. पोटॅशियम कमी असलं की अल्डोस्टेरॉन आपोआप दबतं आणि गुणोत्तर खोटं लहान होतं. ते 4 च्या आसपास आणायला डॉक्टरांना सांगा. तपासणीआधी मीठही एकदम तोडू नका, त्याने रेनिन वाढतं.

गोळ्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन दोन्ही रेनिन वाढवतात, म्हणजे आजार झाकू शकतात. उलट या दोन्ही चालू असताना रेनिन तळाला आलं, तर संशय पक्का होतो. बीटा ब्लॉकर (बीपीच्या गोळ्यांचा आणखी एक प्रकार) आणि वेदनाशामक गोळ्या रेनिन दाबतात आणि नसलेला आजार दाखवतात. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) चालू असेल तर नेहमीचा सल्ला किमान चार आठवडे थांबण्याचा. गरज पडली तर डॉक्टर व्हेरापामिल, प्राझोसिन किंवा डॉक्साझोसिनवर नेतात, त्यांचा या तपासणीवर फारसा परिणाम होत नाही. माझं मत विचाराल तर 160/100 असताना गोळ्या थांबवण्याची घाई नको. पहिला नमुना चालू गोळ्यांवरच, पण नीट हाताळलेला घ्या, आणि तो त्या गोळ्या लक्षात ठेवून वाचणारा एंडोक्राइनचा (हार्मोनचा) डॉक्टर गाठा.

एककं बघायला विसरू नका. काही लॅब रेनिनची क्रिया मोजतात, काही थेट रेनिनचं प्रमाण. अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि रेनिन क्रियेच्या रूपात असेल तर 30 च्या पुढे गुणोत्तर संशयास्पद धरतात. थेट रेनिन मिलियुनिट प्रति लिटरमध्ये असेल तर तीच सीमा सुमारे 3.7 होते. 3.7 च्या मोजपट्टीवर मोजलेलं 6 हे 30 शी ताडून 'खूपच कमी' म्हणणारे लोक आहेत.

थोडं अवांतर, पण याच पेशींशी निगडित. भाऊ खोकल्यासाठी किंवा घशासाठी ज्येष्ठमध घेतो का? रोज घेतलेला ज्येष्ठमध कॉर्टिसॉलला अल्डोस्टेरॉनच्या जागेवर बसू देतो: बीपी वर, पोटॅशियम खाली, आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी. काढे, चूर्णं, चघळायच्या गोळ्या, सगळ्यांवरचे घटक वाचा.

दुसरं, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या. वर लिहिलेलं प्रोस्टाग्लँडिन या गोळ्या अडवतात, आणि गाळणीकडे येणारी रोहिणी उघडी ठेवायलाही तेच लागतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी, क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी आणि वर वेदनाशामक, असं तिन्ही एकत्र आलं आणि अंगात पाणी कमी असलं की किडनी अचानक बंद पडू शकते. पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढणाऱ्यांना हे मी दरवर्षी सांगतो. गुडघे दुखले म्हणून शेजारच्याकडची गोळी घ्यायची नाही. उलट्या-जुलाब झाले तर बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यायचं.

तिसरं, 'लो सोडियम' मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. आज भावाचं पोटॅशियम कमी आहे म्हणून कुणी ते सुचवेल. पण उद्या स्पायरोनोलॅक्टोन सुरू झालं आणि टेल्मिसार्टनही चालू राहिलं, तर तेच मीठ पोटॅशियम धोकादायक पातळीला नेऊ शकतं. डॉक्टरांना न विचारता घरात आणू नका.

नवा रिपोर्ट आला की इथे टाका. रेनिनचं एकक, त्याच दिवशीचं पोटॅशियम, त्या सकाळी घेतलेल्या गोळ्या आणि नळी फिरवेपर्यंत कुठे होती, या चार गोष्टी सोबत लिहा. नुसत्या गुणोत्तरावरून मी काही बोलणार नाही.