आलिशान सेडान पाहायला शिकताना

आलिशान सेडान पारखायला शिकताना सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. इंजिनाचे आकडे काही दिवस बाजूला ठेवा आणि गाडीपासून दहा पावले मागे जाऊन तिची बाजू निरखा. रोल्स-रॉइस फँटमची उंची चाकाच्या उंचीच्या साधारण दुप्पट असते, बॉनेट लांब असते आणि पुढचे चाक नाकाजवळ येते. उभ्या गाडीतही जो डौल जाणवतो तो या प्रमाणांतून येतो, क्रोमच्या पट्ट्यांतून नव्हे. ही नजर एकदा बसली की पुढचे सारे सोपे होते.

मग जवळ या आणि एवढेच पाहा:

- रंगातले प्रतिबिंब कुठेही लहरत नाही ना? २०१८ च्या टोयोटा सेंच्युरी या जपानी आलिशान सेडानच्या काळ्या रंगाचे ७ थर असतात आणि तो ३ वेळा पाणी लावून सँडपेपरने घासला जातो.
- गाडीच्या आतल्या सजावटीतील लाकडाच्या पातळ पापुद्र्यावरील रेषा मध्यभागाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारख्या जुळतात का?
- शिवणीचे टाके वळणावरही समान अंतरावर आहेत का?

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे ‘हाताने घडवलेली’ या शब्दांचा अर्थ ‘यंत्राविना’ असा घेणे. असंख्य सुटे भाग यंत्रांवरच घडतात. माणसाचा हात निवड, जुळणी आणि शेवटचा हात फिरवणे यांत दिसतो. रोल्स-रॉइसच्या इंग्लंडमधील गुडवुडच्या कारखान्यात बाजूची बारीक रेघ कुंचल्याने ओढली जाते, ती पाहताना मला आजही भरून येते. दुसरी चूक, चामडे म्हणजेच श्रेष्ठ असे मानणे: सेंच्युरीत लोकरीचे कापडही मिळते, कारण ते बसताना करकरत नाही. सस्पेन्शनचा, म्हणजे रस्त्याचे धक्के शोषणाऱ्या यंत्रणेचा, अभ्यास तूर्त नको.