आराखड्यातला एक शब्द

विश्रामबाग, सांगली

प्रिय पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. रक्ताचे नमुने घ्यायचे, त्यातली स्टेरॉइड हॉर्मोन मोजायची आणि त्यावरून मेंदूत काय चाललंय ते सांगायचं. इथंच थांब. ही चूक मी वर्गात कितीतरी वर्षं केली आहे. हॉर्मोन करतात ती अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या ग्रंथी) आणि जननग्रंथी, मेंदू नुसता गिऱ्हाईक, असे बाण फळ्यावर काढायचो. एका मुलानं विचारलं, "सर, मेंदू स्वतः नाही करत?" परीक्षेत असलं येत नाही म्हणून मी त्याला खाली बसवलं. अजून सलतं ते.

आणि पॅरिसमध्ये बोलिए या शास्त्रज्ञांच्या गटानं तर 1981 मध्येच दाखवलं होतं, की उंदराच्या मेंदूत डीएचईए सल्फेट हे स्टेरॉइड रक्तापेक्षा जास्त असतं, आणि अधिवृक्क व जननग्रंथी काढल्या तरी ते टिकून राहतं.

तू वाळव्याची, तुला गुऱ्हाळ काय सांगायचं? सगळा ऊस कारखान्याला गेला तरी एखाद्याच्या रानात काहील चढतेच. मेंदूचंही तसंच. कच्चा माल कोलेस्टेरॉल, तेही बहुतेक घरचंच, कारण रक्तातलं आत फारसं शिरत नाही. ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचणं हीच अडकण्याची जागा. सगळा वेग तिथं ठरतो. पोचलं की त्याचं प्रेग्नेनोलोन, मग प्रोजेस्टेरॉन, आणि पुढं दोन विकरांच्या हातून ॲलोप्रेग्नॅनोलोन. रस, पाक, गूळ. फक्त फेसाकडं बघून जाळ ओढणारा गुळव्या पेशीत शोधू नकोस, उपमा तिथवर जात नाही.

हे ॲलोप्रेग्नॅनोलोन गाबा-ए ग्राहीला, म्हणजे चेतापेशीवर शांत करणारा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, क्लोराइडची वाट जास्त वेळ मोकळी राहते आणि चेतापेशी निवते. गरोदरपणात ते वाढतं, बाळंतपणानंतर झपाट्यानं उतरतं. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर मंजूर झालेलं ब्रेक्सानोलोन म्हणजे हाच पदार्थ, 60 तास शिरेतून सोडत असत.

झेब्रा फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यात तर मादी समोर आली की नराच्या मेंदूतल्या ऐकण्याच्या भागात अर्ध्या तासात इस्ट्रोजेन वाढतं. इस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज विकर तिथंच बसलेलं असतं ना! सकाळी दंडातून काढलेल्या एका नळीत हे कुठून दिसणार?

म्हणून, माणसांचं रक्त घ्यायचंच असेल तर निष्कर्षही रक्तापुरताच लिही. मेंदूबद्दल बोलायचं तर मेंदूचीच ऊती हवी, आणि मोजायला मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखायची पद्धत. साध्या किटमधली अँटिबॉडी एकसारख्या दिसणाऱ्या स्टेरॉइडांत जुळ्या भावांसारखी गल्लत करते. किट स्वस्त आहे, हे मला सांगू नकोस.

आराखड्याच्या शीर्षकातला 'मेंदूतील' शब्द खोडून रविवारी ये. गुऱ्हाळ चालू असेल तर बाटलीभर काकवी आण.

तुझे सर