लहान क्षेत्राचा मृत्युदर काढताना
२,००० लोकसंख्येच्या एखाद्या क्षेत्रात वर्षभरात १० मृत्यू नोंदले गेले, तर दर हजारी ५ असा दर लिहून मोकळे होऊ नका. एवढ्या लहान आकड्यात निव्वळ योगायोगानेच तीन-चार मृत्यूंचा फरक पडतो, त्यामुळे पुढच्या वर्षी १४ नोंदी आल्या म्हणून तिथली परिस्थिती बिघडली असे म्हणता येत नाही. त्यात नोंदणी अपुरी: ती ८० टक्के पूर्ण धरली तर दर ६.२५ होतो आणि ६० टक्के धरली तर ८.३, म्हणजे सारे तुमच्या गृहीतकावर येऊन ठेपते.

लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांनी १९७५ मध्ये मांडलेली वृद्धि-संतुलन पद्धत नोंदणीच्या पूर्णतेचा, म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूंपैकी किती नोंदले गेले याचा, अंदाज देते खरी, पण ती स्थलांतर नगण्य मानते, आणि लहान क्षेत्रात नेमके तेच खोटे ठरते; म्हणून ती मोठ्या प्रदेशापुरती ठेवून क्षेत्रनिहाय दर शेजारच्या क्षेत्रांचा आधार घेणाऱ्या बेझियन मॉडेलमधून (आधीची माहिती आणि नवे आकडे जुळवून अंदाज देणारी सांख्यिकी पद्धत) काढावेत. मॉडेलमध्ये पूर्णतेचा एकच ठाम आकडा मात्र घालू नका. तिची अनिश्चितताही सोबत जाऊ द्या, नाहीतर विश्वास-अंतराल (खरा दर ज्या मर्यादांत असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा) फसवे अरुंद दिसते (माझ्या पहिल्या अहवालात ते तसे दिसले आणि मी चक्क खूश झालो होतो). अर्भकमृत्यूंची नोंद प्रौढांच्या मृत्यूंपेक्षा बहुधा अधिक सुटते, तेव्हा त्यांची पूर्णता वेगळी धरा.