त्याने तुम्हाला मागणी घातली आहे

प्रश्न : ताई, ग्रिफिनचं (पुढून गरुड, मागून सिंह) अंडं मी स्वतः उबवलं, पहिला घासही माझ्याच हातचा. पाच वर्षांत सोन्या दोनशे किलोंचा झालाय. मी दिसले की किंचाळतो, मेलेले ससे मांडीत आणून टाकतो. हे खोलीत आले की अंगावर जातो. परवा यांचा खांदा फाडला. हे म्हणतात, पंख छाटू, नाहीतर रानात सोडू. पण मी घरी आल्याचा आनंद होतो तो फक्त सोन्यालाच. काय करू?
– सोन्याची आई

उत्तर : आधी खांदा. गरुडाच्या नखाची जखम वरून टिचभर दिसते आणि आत खोल गेलेली असते. डॉक्टरांना दाखवली नसेल तर आजच दाखवा.

आता ससे. तुम्हाला ती माया वाटते. शिकारी पक्ष्यांतला नर मादीला रिझवायला शिकार आणून देतो. म्हणजे लेकाने तुम्हाला चक्क मागणी घातली आहे, आणि यजमान त्याच्या लेखी... सवतीला पुल्लिंगी शब्द मला आठवत नाही, पण तेच.

यात त्याचा दोष नाही. पिल्लू डोळ्यांसमोर जे बघत वाढतं, त्यालाच आपली जात समजतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1935 साली हंसांच्या पिल्लांवरून हे मांडलं होतं. माणसाने एकट्याने भरवून वाढवलेले ससाणे आणि गरुडही भरवणाऱ्याला पाहून किंचाळत राहतात, आणि वयात आले की अंगावर येतात. सिंहाकडून सोन्याने वजन तेवढं घेतलं. वीस-वीस तास झोपायची सवय घेतली असती तर हे पत्रच आलं नसतं.

पंख छाटून काही साधणार नाही. पिसं पुढच्या पिसझडीला परत येतात, आणि चोच-नखं आहेत तिथेच राहतात. मारू तर नकाच, शिकारी पक्ष्याला शिक्षा कळत नाही, फक्त मारणारा लक्षात राहतो. रानात सोडलात तर तो भूक लागल्यावर पहिल्या दिसेल त्या माणसाकडे जाईल, किंचाळत.

हाताने भरवणं आजपासून बंद. त्याला वेगळं, भक्कम, ऐसपैस आवार द्या आणि भिंतीत झडप बसवा. मांस तिथून आत जावं, देणारा दिसू नये, आणि तो किंचाळत असताना तर मुळीच जाऊ नये. सुरुवातीला आवाज वाढेल. एकदा जरी विरघळलात तरी तो शिकेल की आणखी जोरात ओरडायला हवं. ससा आणला तर काही न बोलता उठून जा. पाठीवरून हात फिरवणंही थांबवा, पक्ष्यांत त्याचा अर्थ भलताच होतो.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. खांद्याला पट्टी बांधताना तुम्ही दोघं काय बोललात, ते मात्र पत्रात कुठेच नाही. सोन्याच्या त्या आवाजात दुसऱ्या कुणाचं ‘आलीस का?’ ऐकू तरी येत असेल का?

झडप बसवायला बाहेरचा माणूस बोलावू नका. यजमानांचा खांदा दुखतोय, तेव्हा खिळे तुम्ही ठोका, शिडी त्यांना धरू द्या.