फार्मव्हिलची मोटन शाळा आणि ‘ब्राऊन’ खटला

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राऊन’ खटला कॅन्सासमधल्या टोपेका शहराचा, मग व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलच्या विटांच्या शाळेला एवढं महत्त्व का? शिवाय सरकारने कृष्णवर्णीय मुलांना नवी शाळा बांधून दिली होती, तरी भांडण कशाचं उरलं?

आधी इमारत. रॉबर्ट रुसा मोटन हायस्कूल १९३९ साली बांधलं, जेमतेम १८० मुलांसाठी. १९५० पर्यंत तिथे साडेचारशेहून जास्त मुलं शिकत होती. व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही, प्रयोगशाळा नाही. हे सगळं त्याच गावात गोऱ्या मुलांच्या हायस्कूलमध्ये होतं. सभागृहात एका वेळी दोन-तीन वर्ग भरायचे, एखादा तर चक्क उभ्या बसमध्ये. पालकांनी वारंवार मागणी केल्यावर शाळा मंडळाने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून शेड उभ्या केल्या. रस्त्याने जाणाऱ्यांना ती कोंबड्यांची खुराडी वाटत. छत गळायचं. शेगडीजवळची मुलं भाजून निघायची आणि कोपऱ्यातली कोट घालून कुडकुडायची.

२३ एप्रिल १९५१ ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवून आणला, आणि त्याची आखणी मला आजही थक्क करते. मुख्याध्यापकांना फोन गेला की आपली काही मुलं बस स्टँडवर अडचणीत सापडली आहेत. ते तिकडे धावले. इकडे त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांत फिरल्या आणि सगळी शाळा सभागृहात जमली. पडदा उघडला तर मंचावर बार्बरा. तिने शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलांपुढे बोलली. संप दोन आठवडे चालला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. मुलांची मूळ मागणी चांगल्या इमारतीचीच होती, गोऱ्यांबरोबर एका वर्गात बसण्याची नव्हे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी अट घातली: नुसत्या इमारतीसाठी आम्ही लढणार नाही, वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तर येतो. मुलं आणि पालक तयार झाले. एका महिन्याने, २३ मे १९५१ ला, ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. यादीत पहिलं नाव डोरोथी डेव्हिसचं, म्हणून खटल्याला ‘डेव्हिस’ म्हणतात. खालच्या कोर्टाने १९५२ मध्ये सोयी समान करा म्हटलं, पण वेगळेपणा कायम ठेवला. काउंटीने, म्हणजे फार्मव्हिल ज्यात येतं त्या प्रिन्स एडवर्ड जिल्ह्याने, नवी शाळा घाईने पुरी केली, ती १९५३ मध्ये उघडली. म्हणजे जी मागणी वर्षानुवर्षं टोलवली, ती खटला अंगाशी येतोय म्हटल्यावर पुरी झाली. ही नवी शाळा उदारपणाची देणगी नव्हती, वेगळेपणा टिकवण्यासाठी मोजलेली किंमत होती.

डेव्हिस खटला टोपेका, साउथ कॅरोलायना आणि डेलावेअरच्या खटल्यांबरोबर एकत्र ऐकला गेला आणि १७ मे १९५४ चा निकाल ‘ब्राऊन’ या नावाने ओळखला गेला. विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला त्यातला हा एकटाच.

बहुतेक लेख इथे थांबतात. माझ्या मते या गावाची खरी गोष्ट इथून पुढे आहे. मिश्र शाळा चालवण्याचा कोर्टाचा हुकूम मानण्यापेक्षा प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये शाळांसाठी पैसे देणंच बंद केलं आणि सगळ्या सार्वजनिक शाळांना कुलूप लागलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी निघाली, तिला पुढे सरकारी अनुदान आणि करसवलतीचा टेकूही मिळाला. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलं मात्र शाळेविना राहिली. कुणी नातेवाइकांकडे, कुणी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या मदतीने दुसऱ्या राज्यांत अनोळखी घरांत राहून शिकलं. चर्चच्या तळघरांत वर्ग भरले. अनेकांचं शिक्षण कायमचं तुटलं. १९६३ मध्ये केनेडी सरकारच्या प्रयत्नाने देणग्यांवर ‘फ्री स्कूल’ सुरू झाली. कुलूप निघालं ते १९६४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ग्रिफिन’ निकालानंतर. खटल्याला नाव आलं ते रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या कुटुंबामुळे. संपाच्या दिवसांपासून ते मुलांच्या पाठीशी होते.

पुढे जुन्या इमारतीत प्राथमिक वर्ग भरत राहिले, १९९० च्या दशकात तेही थांबले. मार्था फॉरेस्टर यांच्या नावाच्या स्थानिक महिला मंडळाने ती वाचवण्यासाठी कंबर कसली. १९९८ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली आणि २००१ मध्ये, संपाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, तिथे संग्रहालय उघडलं.

जाणार असाल तर आधी सभागृहात जा, पण १९५९ ते १९६४ च्या दालनासाठी वेळ हाताशी ठेवा. ते घाईत बघण्यासारखं नाही. गावातलं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चही बघा, रेव्हरंड ग्रिफिन तिथलेच.